पांढरा घोडा, हिरवा बैल

‘ताई, मी मूळची कराडची, सध्या नोकरीसाठी सिंगापूरला. इथल्याच एका चिनी कुटुंबातल्या मुलाशी लग्न करायचं ठरवलंय. माझा जन्म 31 जानेवारी 1990 चा, त्याचा ऑगस्ट 1985 चा. त्याच्या आईने, म्हणजे आंटींनी, जेवताना सहज माझी जन्मतारीख विचारली आणि पुढच्या आठवड्यात निरोप आला : मुलगी घोड्याच्या वर्षातली, मुलगा बैलाच्या, या दोन शाखांमध्ये ‘अपाय’ आहे, लग्न टिकायचं नाही. आता त्या म्हणतात, दोघांच्या जन्मवेळा घेऊन ओळखीच्या मास्टरांकडे, म्हणजे चिनी ज्योतिषांकडे, जाऊ, ते नाही म्हणाले तर विषय बंद. तो म्हणतो, जाऊन तर बघू. आईला फोनवर सांगितलं तर ती हसतच सुटली : “आम्ही पत्रिका सोडून दिली, तर त्यांनी काढली!” मला मात्र हसू येत नाही. हा अपाय म्हणजे नक्की काय असतो? आणि जन्मवेळ देऊ का? — घोडनवरी, सिंगापूर’

तुमची सही वाचून हसले, मग वाईटही वाटलं. पस्तिशी गाठलेल्या मुलीला हा शब्द आपल्याकडे कोण आणि कुठल्या लग्नाच्या पंगतीत ऐकवतं, ते मला सांगायला नको. एका घोड्यापासून सुटून सिंगापूर गाठलंत, तर तिथे दुसरा तयारच.

आधी तो अपाय समजून घेऊ, कारण तुम्हाला तो कुणी धड सांगितलेला दिसत नाही. मग तुमच्या तारखेकडे येते. तिच्यात एक गंमत आहे आणि ती बहुधा आंटींच्याही लक्षात आलेली नाही.

चिनी कालगणनेत बारा शाखा आहेत. लोक त्यांना प्राण्यांच्या नावांनी ओळखतात : उंदीर, बैल, वाघ, ससा, ड्रॅगन, साप, घोडा, बकरी, माकड, कोंबडा, कुत्रा, डुक्कर. वर्षाला एक शाखा असते, तशी महिन्याला, दिवसाला आणि दर दोन तासांनाही असते. या बाराजणांना घड्याळाच्या तबकडीवरच्या आकड्यांसारखं गोल बसवलं, तर जे समोरासमोर येतात त्यांची टक्कर. उंदरासमोर घोडा, बैलासमोर बकरी, वाघासमोर माकड. शिवाय सहा जोड्या जुळणीच्या : उंदीर-बैल, वाघ-डुक्कर, ससा-कुत्रा, ड्रॅगन-कोंबडा, साप-माकड आणि घोडा-बकरी.

अपाय, चिनीत ‘हाय’, निघतो तो या दोन याद्यांमधून. बैलाची जुळणी उंदराशी. उंदराची टक्कर घोड्याशी. घोडा आला की उंदीर हुसकला जातो आणि बैल एकटा पडतो, म्हणून घोडा बैलाला अपायकारक. उलट बाजूने पाहा : घोड्याची जुळणी बकरीशी, बकरीची टक्कर बैलाशी, तेव्हा बैल आला की घोड्याचा जोडीदार गेला. हिशेब दोन्हीकडून सारखाच बसतो. असेच आणखी पाच अपाय आहेत : उंदीर-बकरी, वाघ-साप, ससा-ड्रॅगन, माकड-डुक्कर, कोंबडा-कुत्रा. सुई राजवटीतल्या, म्हणजे सुमारे चौदाशे वर्षांपूर्वीच्या श्याओ ची या पंडिताने पंचतत्त्वांवर लिहिताना अपायावर वेगळं प्रकरणच लिहिलंय. तेव्हा आंटींनी हे कुठल्या तरी व्हॉट्सॲप ग्रुपवरून उचललेलं नाही, एवढं श्रेय त्यांना द्या.

अर्थात आंटींनी श्याओ ची वाचला असेल असंही नाही. त्यांच्या कानावर असणार ते पद्य. लग्नं जुळवणाऱ्यांच्या तोंडी एक जुनं पद्य चालत आलंय, त्यात हे सहाही अपाय ओळीने येतात : पांढरा घोडा हिरव्या बैलाला भितो, बकरी-उंदीर भेटले की संपलंच, साप आणि वाघ म्हणजे सुरीचा घाव, माकड-डुक्कर शेवटापर्यंत पोचत नाहीत, वगैरे. आता रंग पाहा. दर वर्षाला प्राण्यासोबत एक तत्त्वही असतं आणि तत्त्वाला रंग. 1990 चा घोडा धातूचा, धातूचा रंग पांढरा. 1985 चा बैल लाकडाचा, लाकडाचा रंग हिरवा. साठ वर्षांच्या फेऱ्यात पांढरा घोडा एकदाच येतो, हिरवा बैलही एकदाच. तुम्ही दोघं पद्याच्या पहिल्या ओळीत जाऊन उभे राहिलात. आंटींच्या पोटात गोळा का आला असेल ते कळलं ना? दुसरा कुठला घोडा असता तर कदाचित त्यांनी एवढं मनावर घेतलं नसतं.

टक्कर आणि अपाय यांत फरक करतात तो असा. टक्कर म्हणजे उघड भांडण, घर बदलणं, ताटातूट. अपाय आतून पोखरतो : मनातली अढी, मागून बोलणं, घरच्याच माणसांत येणारा दुरावा. बहुतेक जाणकार वजनात अपायाला टक्करीच्या खालीच ठेवतात. नुसत्या वर्षावरून लग्न मोडावं असं म्हणणारा मास्टर तर त्या शास्त्रातलाही कच्चाच समजायचा. जन्माचं वर्ष, महिना, दिवस आणि तास असे चार खांब मांडतात, प्रत्येकात दोन अक्षरं, म्हणून त्याला बाझी, आठ अक्षरं, म्हणतात. तांग राजवटीत वर्षाच्या खांबाला मान होता. पुढे सोंग राजवटीपासून, श्यू त्झफिंगच्या नावाने चालणाऱ्या पद्धतीत, दिवसाचा खांब मध्यावर आला आणि त्या दिवसाची शाखा हे जोडीदाराचं घर मानलं जाऊ लागलं. वर्षाचा प्राणी पाहून लग्न ठरवणं म्हणजे आपल्याकडे फक्त रास विचारून पत्रिका जुळवण्यासारखं.

आता तुमची तारीख. 1990 सालचं चिनी नववर्ष 27 जानेवारीला सुरू झालं. तुमचा जन्म त्यानंतर चार दिवसांनी, म्हणून आंटींनी तुम्हाला घोडा ठरवलं. घराघरांत असंच मोजतात आणि त्यात त्यांची चूक नाही. पण बाझी मांडणारे वर्ष नववर्षाच्या दिवशी बदलत नाहीत. ते बदलतात लीछुनला, वसंताच्या आरंभी, आणि हा दिवस सूर्यावरून ठरतो, सहसा 4 फेब्रुवारीच्या आसपास. 31 जानेवारीला लीछुन व्हायचा होता. म्हणजे आंटी ज्या मास्टरांकडे तुम्हाला नेऊ पाहतायत, त्यांच्या पद्धतीने तुमचं वर्ष अजून आधीचंच आहे, 1989 चं. तुम्ही घोडा नाही. तुम्ही साप आहात.

साप आणि बैल यांचं काय? साप, कोंबडा आणि बैल हे त्रिकूट एकमेकांचे सोबती मानले जातात. साप-बैलांत टक्कर नाही, अपाय नाही, ‘दंड’ नावाचा आणखी एक दोष असतो तोही नाही. वर तुमच्या जन्माचा महिना, जानेवारीतल्या शाओहान या सौर टप्प्यापासून लीछुनपर्यंतचा, तो बैलाचाच महिना आहे. होणाऱ्या नवऱ्याचा प्राणी तुमच्या पत्रिकेत जन्मापासून बसलाय! (त्याची चिंता करू नका. त्याचा ऑगस्ट 1985 दोन्ही हिशेबांनी बैलच.)

हे वाचून तुम्ही लगेच फोन उचलाल. थांबा जरा.

ही माहिती तुम्ही आंटींच्या तोंडावर फेकली तर त्या हरतील, आणि हरलेली सासू कुठल्याही देशात बरी नाही. त्यात ही पद्धत अशी आहे की हरलेल्या माणसाला दुसरं काहीतरी सापडतंच. टक्कर आणि अपाय यांच्या जोडीला ‘दंड’ आहे, ‘मोडतोड’ आहे. एकट्या घोड्याचं मोजा : उंदराशी टक्कर, बैलाशी अपाय, सशाशी मोडतोड आणि दुसरा घोडा भेटला तर स्वतःचाच दंड. बारातले चार बाद. वाघ-डुक्कर ही जोडी जुळणीच्या यादीत आहे आणि मोडतोडीच्याही. साप-माकड तर जुळणी, मोडतोड आणि दंड अशा तिन्ही ठिकाणी आहेत. ज्याला लग्न लावायचंय त्याला जुळणी दिसते, ज्याला मोडायचंय त्याला दंड. आणि हे झालं फक्त वर्षाचं. चार खांब तुमचे, चार त्याचे, सोळा गाठी. त्यात टक्कर, अपाय, दंड, मोडतोड यांपैकी एकही निघालं नाही असं होणं अवघडच.

या प्राण्यांकडे फार गंभीरपणे पाहू नये असं चिनी माणसांनीच फार पूर्वी म्हणून ठेवलंय. वर्षाच्या तत्त्वाखेरीज प्रत्येक शाखेचंही स्वतःचं तत्त्व मानतात : उंदीर पाण्याचा, घोडा आगीचा, कोंबडा धातूचा, ससा लाकडाचा. त्यावर पहिल्या शतकातल्या वांग छोंग या विचारवंताने सरळ विचारलं होतं : पाणी आगीला हरवतं म्हणता, मग उंदीर घोड्याच्या मागे का लागत नाही? धातू लाकडाला हरवतो, मग कोंबडा सशाला चोच का मारत नाही? शिवाय प्राणी शाखांना नंतर चिकटले. शाखा साठ दिवसांचा फेरा मोजायला वापरत, शांग काळातल्या हाडांवर त्या कोरलेल्या आहेत, तीन हजार वर्षांहून जुन्या. 1975 मध्ये हुबेई प्रांतात श्वेइहूदी इथे एका छिन अधिकाऱ्याची कबर सापडली, इ. स. पू. 217 च्या सुमाराची. तिच्यातल्या बांबूच्या पट्ट्यांवर प्राण्यांची यादी आहे, आणि ज्या शाखेला आज आपण घोडा म्हणतो, तिथे त्या यादीत हरीण आहे! घोडा एक घर पुढे, बकरीच्या जागी. पांढरा घोडा हिरव्या बैलाला भितो की नाही हा प्रश्नच त्या अधिकाऱ्याला कळला नसता.

पण वांग छोंगही आंटींना ऐकवू नका. मला तो आवडतो म्हणून सांगितला.

आईला मात्र एक गोष्ट जरूर सांगा. हसण्याआधी तिने आपलं पंचांग उघडावं. 36 गुणांत योनीचे 4 असतात. नक्षत्रावरून प्रत्येकाला एक प्राणी मिळतो आणि त्यांच्या वैराच्या जोड्या ठरलेल्या आहेत : मांजर-उंदीर, साप-मुंगूस, गाय-वाघ, आणि अश्व-महिष. घोडा आणि रेडा! अश्विनी आणि शततारका अश्व योनीची, हस्त आणि स्वाती महिष योनीची. आपलं चंद्राच्या नक्षत्रावर चालतं, त्यांचं वर्षावर, एवढाच काय तो फरक. कराडात एखाद्या आईने मंगळाच्या मुलीला जे म्हटलं असतं तेच आंटी म्हणतायत, आणि आवाजही तसाच असेल.

तो आवाज थट्टेवारी नेऊ नये, कारण अशा समजुतींनी खरोखर काही घडतं. जपानमध्ये अग्नीच्या घोड्याच्या वर्षी जन्मलेली मुलगी नवऱ्याला खाते अशी समजूत होती. 1965 मध्ये तिथे 18 लाखांवर मुलं जन्मली. 1966 हे अग्नीच्या घोड्याचं वर्ष, त्या साली 13 लाख 60 हजार. पुढच्या वर्षी आकडा पुन्हा 19 लाखांवर. एका वर्षात चौथा हिस्सा मुलं जन्माला आली नाहीत, आणि तेव्हा जपानात बुलेट ट्रेन धावू लागली होती. 2026 हेही अग्नीच्या घोड्याचंच वर्ष. घोड्याच्या वर्षी बैलवाल्यांना ताय सुई या वर्षदेवतेचा अपाय असतो असं मानतात, म्हणून आंटींच्या काळजीत त्याचाही हातभार असू शकेल. तसं असेल तर मुलाच्या नावाने देवळात ताय सुईची पूजा लावू दे त्यांना. सिंगापूरच्या चिनी देवळांत नववर्षाच्या सुमाराला तिच्यासाठी गर्दी असते. तेवढ्याने आईला बरं वाटणार असेल तर तुमचं काय गेलं?

तरी माझं लक्ष तुमच्या पत्रातल्या दुसऱ्याच वाक्यावर अडलंय. त्याआधी अपायाची रीत पुन्हा एकदा बघा : माझा ज्याच्याशी बंध होता, त्याला हुसकावणारा तो मला अपायकारक. दोन प्राण्यांचं भांडण यात नाहीच. पळवला गेला तो उंदीर, आणि तो खोलीतसुद्धा नाही. आता ही रीत चाळिशीच्या मुलाच्या आईच्या जागी बसून वाचा. तिचा बंध मुलाशी, आणि मुलाला दूर नेणारी कोण? आंटी हे जाणूनबुजून करतायत असं मी म्हणत नाही. त्यांना भीती वाटली, आणि त्या भीतीला घरात आधीपासून एक नाव होतं. भीती कशाची हे त्यांना विचारायला हवं. मुलगी परक्या मुलखातली, पस्तिशीची, तिचं खाणं वेगळं, नातवंडं कुठली भाषा बोलतील, म्हातारपणी आपल्याकडे कोण बघेल. यातलं काहीही असेल. घोड्याबद्दल बोलणं सगळ्यात सोपं, म्हणून त्या घोड्याबद्दल बोलल्या.

विचारायचं मात्र तुम्ही नाही, त्याने. आणि हेच ते वाक्य : ‘तो म्हणतो, जाऊन तर बघू.’

जाऊन बघू आणि मग? मास्टर नाही म्हणाले तर? हे त्याने मास्टरांकडे जाण्याआधी तुम्हाला सांगायला हवं. ‘आईचं समाधान होईल म्हणून जाऊ, लग्न तर करणारच’ असं उत्तर असेल तर खुशाल जा, नवी साडी नेसून जा. ‘बघू, तेव्हाचं तेव्हा’ असं असेल, तर तुमची अडचण बैल-घोड्याची नाही आणि ती मास्टरांना सुटणारीही नाही. ते मग तुमचं तुम्ही ठरवायचं, पण डोळे उघडे ठेवून. चाळिशीच्या माणसाला हा प्रश्न विचारणं म्हणजे घाई करणं होत नाही. दोघंच असताना, शांतपणे विचारा, आणि उत्तर येईपर्यंत तारखेचा विषय काढू नका.

उत्तर बरं आलं तर पुढचं काम सोपं आहे. मास्टरांकडे ‘हे लग्न करावं का’ म्हणून जाऊ नका, ‘लग्न कधी करावं’ म्हणून जा. आंटींना हे सहज पटेल, कारण चिनी घरांत लग्नासाठी दिवस काढून घेणं हे ठरलेलं काम आहे : मुलाकडून भेटी पाठवायचा दिवस, पलंग मांडायचा दिवस, वडीलधाऱ्यांना चहा देण्याची वेळ, सगळं पाहून घेतात. थोंगशू या पंचांगात रोजच्या दिवसाखाली तो दिवस कुठल्या प्राण्याशी टक्कर घेतो ते छापलेलंच असतं. तारीख विचारणाऱ्याला मास्टर तारीख देतात, तो त्यांचा व्यवसाय आहे. दिवस काढायला त्यांना तुमची बाझी मांडावी लागेल, आणि मांडायला बसले की लीछुनचा हिशेब त्यांच्याच तोंडून निघेल : ‘ही घोडा नाही, साप आहे.’ आंटींना हे तुमच्याकडून कळण्यापेक्षा त्यांनी स्वतः निवडलेल्या माणसाकडून कळलेलं केव्हाही बरं. घरी येऊन आंटी स्वतःच चारचौघींना सांगतील, आणि पद्य म्हणून दाखवणारी एखादी मावशी असेल तर तिलाही परस्पर उत्तर मिळेल.

काही मास्टर वर्ष नववर्षापासूनच धरतात, तो धोका आहे. मग तुमच्या होणाऱ्या नवऱ्याने, तुम्ही नव्हे, नम्रपणे एवढंच विचारायचं : ‘लीछुनच्या आधीचा जन्म आहे, तर वर्षाचा खांब कुठला धरायचा?’ प्रश्न योग्य आहे, विचारल्याचा कुणाला राग येत नाही. तरीही ते घोड्यावरच अडून राहिले, तर दिवस तेवढा घ्या आणि दक्षिणेचं लाल पाकीट देऊन उठा. ‘उतारा’ म्हणून महागडी वस्तू, दगड, मूर्ती गळ्यात मारू लागले तर त्याला तिथेच नाही म्हणू द्या. त्याच्या तोंडून ‘नाही’ कसं निघतं तेही या निमित्ताने दिसेल.

जन्मवेळ द्यायला हरकत नाही. आईला विचारून नक्की वेळ घ्या आणि कागदावर वेळेसोबत ‘कराड, भारत, स्थानिक वेळ’ असं स्पष्ट लिहा. सिंगापूरचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे असतं आणि तासाची शाखा दर दोन तासांनी बदलते. कुणी मदत म्हणून तुमची वेळ सिंगापूरच्या घड्याळात करून दिली, तर चौथा खांब चुकेल आणि नसलेला अपाय निघून बसायचा.